एक सेन्सर, तीन मीटर: तार वाटायची की सिग्नल?

मागच्या उन्हाळ्यात एका खासगी दूध डेअरीतून फोन आला. पाश्चरायझरच्या होल्डिंग ट्यूबच्या (तापलेलं दूध ठरलेला वेळ जिच्यातून जातं त्या नळीच्या) शेवटाला एक पीटी-१०० आरटीडी, म्हणजे तापमानाबरोबर रेझिस्टन्स बदलणारा सेन्सर, त्याची तीन तारांची केबल पॅनलवरच्या कंट्रोलरला गेलेली. इतकी वर्षं तेवढ्यावर भागत होतं. आता तपासणीवाल्यांनी रेकॉर्डर लावायला सांगितलं होतं आणि मालकांना लांबून दिसेल असा मोठ्या आकड्यांचा डिस्प्ले हवा होता. मेंटेनन्स बघणाऱ्या पोराने विचारलं, "साहेब, कंट्रोलरच्या टर्मिनलवरनंच दुसरी वायर काढून फुडं न्हेली तर चालतंय की? बल्बला चालतंय, मग ह्याला का न्हाई?"

प्रश्न अगदी बरोबर आहे. एका सेन्सरवर दोन किंवा तीन मीटर चालवायची वेळ प्रत्येक कारखान्यात कधी ना कधी येते आणि त्याला सात-आठ तऱ्हांनी उत्तर देता येतं. त्यातली एक सरळ चुकीची आहे, एक निम्मी बरोबर आणि बाकीच्यांत निवड करायला वाव आहे. ज्याला पुढच्या आठवड्यात खरेदीची यादी द्यायची आहे त्याच्यासाठी ही मांडणी.

आरटीडीच्या तारा पॅरलल केल्या तर

थोडक्यात: करू नका. पण कारण समजलं की पुढचं सगळं सोपं जातं.

आरटीडी स्वतःहून काहीही पाठवत नाही. तो प्लॅटिनमचा एक रेझिस्टन्स आहे: शून्य अंशाला १०० ओहम, १०० अंशाला १३८.५१ ओहम. मीटर त्यातून स्वतःचा बारीकसा करंट सोडतो, एक मिलिअँप किंवा त्याहून कमी, आणि दोन टोकांत किती व्होल्टेज पडतो ते मोजून तापमान काढतो. ७२ अंशाला पीटी-१०० चा रेझिस्टन्स १२७.८४ ओहम असतो. एक मिलिअँप सोडला तर १२७.८४ मिलिव्होल्ट पडतात, मीटर ७२ दाखवतो.

आता त्याच टर्मिनलवर दुसरा मीटर जोडा. तोही आपला एक मिलिअँप सोडणार. दोघांचा करंट त्याच प्लॅटिनममधून जाणार, व्होल्टेज दुप्पट होणार आणि दोन्ही मीटरना वाटणार की समोर २५५.६८ ओहम आहेत. पीटी-१०० च्या तक्त्यात हा आकडा ४२५ अंशांसमोर आहे. दूध ७२ वर, मीटर ४२५ वर.

कागदावर इतकं नीटनेटकं चुकतं, प्रत्यक्षात त्याहून वाईट. दोन मीटरचे करंट सारखे नसतात. काही मीटर करंट सतत न सोडता थांबून थांबून सोडतात, त्यामुळे दुसऱ्याचा आकडा नाचतो. काही थेट ओव्हररेंज दाखवून गप्प बसतात. आणि तिसरी तार, जी केबलच्या रेझिस्टन्सची वजावट करायला असते, तिचाही हिशेब बिघडतो.

हे मी स्वतः करून बसलोय. नोकरीच्या पहिल्या वर्षी बॉयलरच्या फीड वॉटर टँकवर असंच दुसरं इंडिकेटर टांगलं, आकडे भलतेच आले, आणि सेन्सर गेला असं धरून एकामागून एक दोन आरटीडी बदलले. दोन्ही चांगले होते. शेवटी एका जुन्या फिटरने येऊन काही न बोलता दुसऱ्या इंडिकेटरची एक वायर सोडवली. आकडा जागेवर आला. तो तसाच काही न बोलता निघूनही गेला.

थर्मोकपलचं प्रकरण वेगळं

थर्मोकपल, म्हणजे दोन वेगळ्या धातूंच्या तारा जोडून केलेला सेन्सर, मात्र स्वतः व्होल्टेज तयार करतो. के टाइप ८५० अंशाला सुमारे ३५ मिलिव्होल्ट देतो आणि आजच्या डिजिटल मीटरचा इनपुट रेझिस्टन्स इतका मोठा असतो की दोन मीटर पॅरलल लावले तरी सिग्नल फारसा खाली बसत नाही. कोल्हापूरकडच्या फाउंड्री आणि हीट ट्रीटमेंटच्या शेडमध्ये भट्टीच्या एका थर्मोकपलवर कंट्रोलर आणि सेफ्टी मीटर असे दोघे टांगलेले मी पाहिलेत, आणि ते चालतात. म्हणून "आमच्याकडं चालतंय" म्हणणाऱ्याला खोटं पाडता येत नाही.

अडचण रोजच्या दिवशी येत नाही, बिघाडाच्या दिवशी येते. थर्मोकपल तुटला हे ओळखायला मीटर तारेतून अगदी सूक्ष्म करंट सोडत असतो. एका मीटरमध्ये तुटल्यावर आकडा वर जाईल अशी सेटिंग असेल आणि दुसऱ्यात खाली, तर तार तुटल्यावर दोघांची रस्सीखेच होते आणि आकडा कुठे थांबेल याचा नेम नाही. भट्टी तापत राहील आणि मीटर मधलाच काहीतरी शहाणा आकडा दाखवत राहील. दुसरं, एका मीटरचा पुरवठा बंद केला की त्याचा इनपुट बऱ्याचदा सिग्नल ओढायला लागतो आणि चालू असलेल्या मीटरचा आकडा घसरतो. तिसरं, थर्मोकपलचं टोक शीथला (बाहेरच्या धातूच्या नळीला) वेल्ड केलेलं असेल, म्हणजे आर्थ झालेलं असेल, आणि दोन्ही मीटर आयसोलेटेड (विजेच्या दृष्टीने बाकीच्यांपासून तुटलेले) नसतील, तर दोन ठिकाणच्या आर्थमधला फरक या तारांतून फिरायला लागतो.

माझं मत: पडताळणीसाठी तासभर दुसरा मीटर लावायला हरकत नाही. कायमची जोडणी म्हणून नको. आणि लावलाच तर दोन्ही मीटरची तुटीची दिशा एकच ठेवा, आणि कॉम्पेन्सेटिंग केबल (थर्मोकपलशी जुळणाऱ्या धातूची) दोन्ही मीटरच्या टर्मिनलपर्यंत न्या. मध्येच साध्या तांब्याच्या वायरने पूल बांधला की तिथलं तापमान आकड्यात शिरतं.

मग निवडायचं कशावर?

किंमत, अचूकता, अंतर हे सगळं बघायचंच. पण मी आधी एक प्रश्न विचारतो: रात्रपाळीला कुणी यातला एक मीटर कॅलिब्रेशनला म्हणून उपसला, तर बाकीच्यांचं काय होईल? पर्यायांमधला खरा फरक इथे दिसतो. तक्त्यातल्या प्रत्येक जोडणीची फोड पुढे केली आहे.

| जोडणी | एक मीटर काढला तर | आकड्यांचा मेळ | कुठे शोभते |
|---|---|---|---|
| डुप्लेक्स आरटीडी | दुसऱ्याला पत्ताही लागत नाही | थोडा फरक राहणारच | दोनच मीटर, जवळचं अंतर |
| दोन वेगळे सेन्सर | काही नाही | फरक राहतो, पण पडताळा मिळतो | जिथे चूक महागात पडते तिथे |
| ट्रान्समीटर, मीटर सीरिजमध्ये | सगळेच बंद | उत्तम | सगळे मीटर एकाच पॅनलमध्ये |
| कंट्रोलरचं रीट्रान्समिशन | कंट्रोलर काढला तर सगळे | चांगला, स्केल जुळलं तर | आधीच ती सोय असेल तर |
| सिग्नल स्प्लिटर | काही नाही | उत्तम | बहुतेक ठिकाणी |
| आरएस-४८५ | मास्टर (सगळ्यांशी बोलणं चालवणारा) गेला तर सगळे | तंतोतंत | चारपेक्षा जास्त मीटर, लांब अंतर |

डुप्लेक्स: एका नळीत दोन जीव

डुप्लेक्स आरटीडी म्हणजे एकाच शीथमध्ये प्लॅटिनमचे दोन स्वतंत्र एलिमेंट. हेड (सेन्सरच्या डोक्यावरची जोडणीची डबी) उघडलं की सहा टर्मिनल, तीन-तीन तारांचे दोन संच. थर्मोवेल (पाइपमधला सेन्सर बसवायचा खिसा) तोच, भोक तेच, वेल्डिंग नाही. सिंगलपेक्षा पैसे थोडे जास्त, पण या यादीतला दुसऱ्या क्रमांकाचा स्वस्त मार्ग हाच.

दोन गोष्टी आधी सांगून ठेवायच्या. एक, दोन मीटर थोडा वेगळा आकडा दाखवणार. आयईसी ६०७५१ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे क्लास बी एलिमेंटला ७२ अंशाला ०.६६ अंश इकडेतिकडे व्हायची मुभा आहे. म्हणजे एक वर आणि एक खाली असले तर दोघांत सव्वा अंशाहून जास्त फरक पडूनही दोन्ही एलिमेंट नियमात बसतात. क्लास ए घेतला तर ही मुभा ०.२९ वर येते. डेअरीत क्लास ए लाच पैसे घाला. सव्वा अंशाच्या फरकावरून ऑपरेटर आणि क्वालिटीवाल्यांची जी भांडणं होतात, ती मिटवण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

दोन, हे दोघे जुळे भाऊ आहेत. शीथमध्ये पाणी शिरलं, पंपाच्या कंपनाने सोल्डर सुटलं, हेडचं झाकण सैल राहून वाफ गेली, तर दोघेही एकदमच आजारी पडतात. आणि तपासायला सेन्सर बाहेर काढला की दोघेही बाहेर. त्यामुळे "दोन सेन्सर आहेत, म्हणजे राखीव आहे" ही समजूत डुप्लेक्सवर ठेवू नका.

खरा राखीव हवा असेल तर वेगळ्या जागी वेगळा थर्मोवेल आणि वेगळा सेन्सर. स्टेनलेसच्या लाइनवर नवीन फिटिंग वेल्ड करायची म्हणजे एक दिवस प्लँट बंद, आतून टीग वेल्डचा सांधा गुळगुळीत करून घ्यायचा, मग सीआयपी (लाइन न खोलता आतून धुणं). म्हणून लोक टाळतात. पण जिथे तापमान चुकलं की माल परत येतो तिथे हा खर्च करावा. अमेरिकेतल्या दुधाच्या नियमावलीत होल्डिंग ट्यूबवर दाखवणारा थर्मामीटर वेगळा आणि रेकॉर्डर वेगळा असतो, आणि रेकॉर्डरने दाखवणाऱ्यापेक्षा जास्त तापमान नोंदवायचं नाही असा दंडक आहे. एकाच सेन्सरच्या तारेवर दोघे टांगले तर हा पडताळाच उरत नाही.

ट्रान्समीटर आणि सीरिज लूप

इथून पुढे तार वाटायचं सोडून सिग्नल वाटायला सुरुवात होते. आरटीडीच्या हेडमध्ये बसणारा गोल ट्रान्समीटर रेझिस्टन्स मोजतो आणि त्याचं ४-२० मिलिअँपमध्ये रूपांतर करतो: रेंजच्या तळाला ४, माथ्याला २०. शून्य ते १०० अंश अशी रेंज लावली तर ७२ अंशाला १५.५२ मिलिअँप. हा करंट लूपमध्ये सगळीकडे सारखाच असतो, म्हणून मीटर एकामागे एक माळेसारखे ओवायचे: एकाचा मायनस दुसऱ्याच्या प्लसला. सगळ्यांना तोच आकडा. मेळ उत्तम, खर्च बेताचा, लांबचं अंतरही चालतं. शंभर मीटर केबलचा रेझिस्टन्स इथे नगण्य.

पण माळेला किती मणी झेपतात याचा हिशेब कुणी करत नाही. पॅनलमधला पॉवर सप्लाय २४ व्होल्टचा. समजा ट्रान्समीटरला जगायला १२ व्होल्ट लागतात. उरले १२. पूर्ण २० मिलिअँपला या १२ व्होल्टमध्ये ६०० ओहम बसतात. मीटरचा इनपुट २५० ओहमचा असेल तर दोन बसले, तिसऱ्याला जागा नाही.

तिसरा तरीही लावला तर काय होतं ते फार फसवं आहे. एकूण ७५० ओहम, वर १२ व्होल्ट, म्हणजे जास्तीत जास्त १६ मिलिअँप. १६ मिलिअँप म्हणजे ७५ अंश. दूध ७२ वर चालू आहे तोवर तिन्ही मीटर अगदी बरोबर! कमिशनिंग झालं, सह्या झाल्या. मग संध्याकाळी सीआयपीला कॉस्टिक ८० अंशावर फिरवायला घेतलं, आणि आकडा ७५ ला चिकटला तो हलेना. वाफ वाढवा, व्हॉल्व्ह उघडा, आकडा ७५. मी अशा एका ठिकाणी गेलो तेव्हा लोक स्टीम व्हॉल्व्ह खोलून बसले होते. व्हॉल्व्ह चांगला होता.

त्यामुळे मीटर घेताना मॅन्युअलमध्ये करंट इनपुटचा रेझिस्टन्स बघा. १०० ओहम किंवा त्याहून कमी असणारे मीटर मिळतात. असे तीन लावले तरी ३०० ओहमच होतात. आणि ट्रान्समीटरला कमीत कमी किती व्होल्ट लागतात ते त्याच्या पत्रकावरून घ्या, माझ्या १२ वरून नको.

दुसरा सापळा आयसोलेशनचा. सीरिजमधल्या दोन मीटरचे मायनस आतून आर्थला किंवा पीएलसी (प्लँट चालवणारा औद्योगिक संगणक) कार्डच्या कॉमनला जोडलेले असतील, तर खालचा मीटर शॉर्ट होतो आणि चार मिलिअँपच्याही खाली पडतो. नियम असा: आयसोलेटेड नसलेला मीटर लूपमध्ये एकच, आणि तो मायनसच्या टोकाला.

तिसरी गोष्ट तक्त्यात आलीच आहे. एक मीटर उपसला की माळ तुटली. यावर जुने लोक प्रत्येक मीटरच्या टर्मिनलवर उलटा झेनर डायोड (ठरलेल्या व्होल्टच्या वर गेलं की करंट सोडणारा) लावून ठेवतात. २५० ओहमच्या मीटरवर पूर्ण करंटला ५ व्होल्ट पडतात, तर ६.२ व्होल्टचा झेनर. मीटर असेपर्यंत तो झोपलेला, मीटर काढला की करंट त्याच्यातून. वरच्या व्होल्टच्या हिशेबात त्यालाही जागा ठेवावी लागते, हे मात्र विसरू नये.

सगळे मीटर एकाच पॅनलमध्ये असतील तर मला याहून एक साधी युक्ती आवडते. लूपमध्ये ०.१ टक्क्याचा एकच चांगला २५० ओहमचा रेझिस्टन्स टर्मिनलवर बसवायचा. त्याच्यावर १ ते ५ व्होल्ट मिळतात. मीटरना करंटऐवजी व्होल्टेज इनपुट लावायचा आणि सगळे त्या रेझिस्टन्सवर पॅरलल. एक मेगाओहम इनपुटचा एक मीटर वाढला की शंभर अंशाच्या रेंजवर ०.०३ अंशाचा फरक, तो कुणाला दिसणार नाही. कुठलाही मीटर काढा, बाकीचे चालू. पॅनलच्या बाहेर मात्र हा व्होल्टेज लांब नेऊ नका, व्हीएफडीच्या (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हच्या) केबलशेजारून तर मुळीच नाही.

कंट्रोलरकडूनच पुढे पाठवणं

बऱ्याच कंट्रोलरमध्ये रीट्रान्समिशनची सोय असते: आत सेन्सर, बाहेर ४-२०. तुमच्या कंट्रोलरला हे कार्ड आधीच असेल तर नवा खर्च जवळजवळ नाही, फक्त डिस्प्लेचा. त्यामुळे मोह होतो.

मी हे फक्त डिस्प्लेसाठी वापरतो, रेकॉर्डरसाठी नाही. कंट्रोलर जे समजतो तेच पुढे जातं. कंट्रोलरचं कॅलिब्रेशन दोन अंश सरकलं तर रेकॉर्डही दोन अंश सरकलेला, आणि दोघे एकमेकांशी अगदी एकमताने चुकीचे. कंट्रोलर बंद केला की नोंदही थांबते. तपासणीला आलेला माणूस अनुभवी असेल तर पहिला प्रश्न हाच विचारतो.

आणि स्केल जुळवायचं राहून जातं. कंट्रोलर शून्य ते १०० ला ४-२० पाठवतो, डिस्प्ले मात्र पेटीतून आला तसा शून्य ते १५० वर. ७२ अंशाला डिस्प्ले १०८ दाखवतो. चूक इतकी मोठी असेल तर लगेच कळते. एकीकडे शून्य ते १०० आणि दुसरीकडे शून्य ते १०५ असेल तर महिनाभर कळत नाही.

स्प्लिटर

डिन रेलवर (पॅनलमधल्या धातूच्या पट्टीवर) बसणारी बोटभर रुंदीची पेटी. एक इनपुट, दोन आउटपुट, तिन्ही बाजू एकमेकांपासून विजेच्या दृष्टीने तुटलेल्या. आउटपुट एकचा मीटर काढा, शॉर्ट करा, आर्थ करा. आउटपुट दोनला काही कळत नाही. काही मॉडेल पीटी-१०० थेट घेतात, म्हणजे सेन्सर पॅनलपासून जवळ असेल तर हेडमधला वेगळा ट्रान्समीटर वाचतो. जिथे पाइपलाइन फार तापते आणि हेडमधलं इलेक्ट्रॉनिक्स भाजून निघतं, तिथेही हे बरं पडतं.

याच्या विरोधात दोनच मुद्दे. तो स्वतः मेला तर दोन्ही आउटपुट गेले. आणि त्याला रेंज लावावी लागते. रेंज गरजेपुरती अरुंद ठेवा. ०.१ टक्का अचूकता शून्य ते १०० वर ०.१ अंश होते, शून्य ते ४०० वर ०.४. "पुढंमागं लागलं तर" म्हणून मोठी रेंज लावणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ झालं.

आरएस-४८५

मीटर चार-पाचच्या पुढे गेले, किंवा लॅब, ऑफिस आणि प्लँट अशा तीन जागी आकडा हवा असेल, तर आरएस-४८५ च्या दोन तारांवर मॉडबस (उपकरणांनी एकमेकांना आकडे पाठवायची भाषा) चालवणं शहाणपणाचं. १२०० मीटरपर्यंत अंतर, एका लाइनवर ३२ उपकरणं, दोन टोकांना १२० ओहमचे रेझिस्टन्स, आणि वायर एकाकडून दुसऱ्याकडे अशी माळेने न्यायची, फांद्या फोडायच्या नाहीत. आकडा अंकांतच जातो, त्यामुळे स्केलची चूक जवळजवळ संपते.

एक गोष्ट खरेदीआधी विचाराच: कम्युनिकेशन तुटलं तर डिस्प्ले काय दाखवतो? काही डिस्प्ले शेवटचा आकडा तसाच धरून ठेवतात. केबल उंदराने कुरतडली तरी भिंतीवर ७२.४ झळकत राहतो. मला आडव्या रेघा दाखवणाराच डिस्प्ले लागतो. ४-२० मध्ये ही काळजी कमी, कारण ३.६ मिलिअँपच्या खाली किंवा २१ च्या वर गेलं की बिघाड समजायचा असा नामूर या उद्योगसंघटनेचा संकेत बहुतेक ट्रान्समीटर पाळतात. डिस्प्लेमध्ये ती सेटिंग चालू केलेली आहे ना, एवढं बघायचं.

डेअरीत शेवटी काय केलं

फ्लो डायव्हर्जन व्हॉल्व्ह ज्या कंट्रोलरवर चालतो त्याला कुणाचाही वाटेकरी नको, हे पहिल्यांदा ठरलं. दूध ७२ च्या आसपास १५ सेकंद राहिलं नाही तर हा व्हॉल्व्ह ते परत बॅलन्स टँकला (सुरुवातीच्या टाकीला) वळवतो. बाकी मीटर चुकले तर वाद होतो, हा चुकला तर कच्चं दूध पिशवीत जातं. म्हणून त्याच थर्मोवेलमध्ये क्लास ए डुप्लेक्स बसवला. पहिला एलिमेंट थेट कंट्रोलरला, मध्ये काहीही नाही. दुसरा एलिमेंट पीटी-१०० घेणाऱ्या स्प्लिटरला, तिथून एक आउटपुट रेकॉर्डरला, एक मोठ्या डिस्प्लेला. वेगळ्या थर्मोवेलचं मी सुचवलं होतं, पण प्लँट बंद ठेवायला मालक तयार नव्हते. ते पुढच्या मोठ्या शटडाउनवर ढकललंय.

कंट्रोलरची सेन्सर तुटीची सेटिंग तपासताना एक गोष्ट सापडली. तार तुटली तर आकडा वर जाईल, अशी ती होती. भट्टीला ती बरोबर, कारण आकडा वर गेला की हीटर बंद होतो. पाश्चरायझरला ती उलटी. तार तुटली की कंट्रोलरला दूध छान तापलंय असं वाटणार आणि व्हॉल्व्ह पुढेच उघडा राहणार. इतकी वर्षं तार तुटली नाही, एवढंच नशीब. सेटिंग खाली केली आणि पाणी फिरवत असताना एलिमेंटची एक वायर सोडवून दाखवली. आकडा खाली कोसळला, व्हॉल्व्हने खाडकन तोंड फिरवलं.

मग पोराला सांगितलं, आता एकेक मीटर उपस. त्याने डिस्प्लेची वायर काढली. रेकॉर्डर आणि कंट्रोलर जागेवर. रेकॉर्डरची काढली, डिस्प्ले जागेवर. स्प्लिटरचा पुरवठाच बंद केला. डिस्प्ले आणि रेकॉर्डर दोन्ही गेले, कंट्रोलरने पापणी हलवली नाही. "आता सकाळच्या पाळीला कुनी कायबी उपसू दे," तो म्हणाला.

दूध सुरू झालं तेव्हा कंट्रोलरवर ७२.६ आणि मोठ्या डिस्प्लेवर ७२.४. पाश्चरायझरवर बसणारे मामा दोन्हींकडे आळीपाळीने बघत म्हणाले, "ह्यातलं खरं कुठलं?" सांगितलं की व्हॉल्व्ह ज्याचं ऐकतो ते. पॅनलच्या दारावर आतून एक कागद चिकटवला: फरक ०.५ पर्यंत असेल तर काही करायचं नाही, त्याहून जास्त दिसला तर दोन्ही आकडे वेळेसकट वहीत लिहायचे आणि फोन करायचा. मामांनी कागद वाचला आणि खिशातलं पेन काढून ०.५ भोवती गोल केला.